जिद्दीच्या बातमीखाली एक चौकट पण छापा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की तुमच्या पेपरात आणि सगळ्याच पेपरांत चार-पाच दिवस त्या बातम्या येतात. आई धुणीभांडी करते तरी मुलीला ९२ टक्के, वडील अंथरुणाला खिळलेले तरी पोराने मारली बाजी, फोटोत आई पेढा भरवतीये आणि मागे पत्र्याची भिंत. मी त्या सगळ्या वाचते, एक पण सोडत नाही, कारण २००८ च्या जून महिन्यात तसाच एक फोटो माझा आला होता. तुमच्या नाही, दुसऱ्या एका पेपरात. म्हणून आधीच सांगते की या बातम्या छापू नका असं मी म्हणणार नाहीये, छापा, त्या पोरांना तेवढा एकच दिवस असतो. पण त्या बातमीत काय राहून जातं ते मला माहितीये आणि ते कुणीतरी सांगायला पाहिजे, म्हणून ड्युटीवरून आल्यावर हे लिहायला बसलीये. लांबलं तर कापा, पण शेवटची मागणी कापू नका.

आम्ही सोलापूरचे, पूर्व भागातले. अण्णा (म्हणजे माझे वडील) यंत्रमागावर, चादरीच्या कारखान्यात, आणि आई विड्या वळायची. सोलापुरात हे काही वेगळं नाही, आमच्या बोळात निम्म्या घरात बाप मागावर आणि आई विडीवर असंच होतं. आई कारखान्यातून पान आणि तंबाखू घरी आणायची, रात्री पान भिजवून ठेवायचं, सकाळी साचा ठेवून कातरीने कापायचं, मग मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळत बसायचं. पंचवीसचा एक कट्टा. हजार विड्यांना तेव्हा पन्नास रुपयांच्या आसपास हातात पडायचे, आणि कारखान्यात विड्या तपासताना छाट काढायचे, म्हणजे ज्या विड्या पसंत नाहीत त्या बाजूला, त्याचे पैसे नाही. मी सातवीपासून आईच्या शेजारी बसायची. कायद्याने चौदा वर्षाखालच्या पोरांना या कामावर ठेवता येत नाही, पण घरात स्वतःच्या आईच्या शेजारी बसलेल्या पोरीला कोण काय म्हणणार, आणि आईला तरी मी काय म्हणणार. तंबाखूच्या डब्याला पुस्तक टेकवून मी वाचायची. माझ्या सगळ्या वह्यांना तंबाखूचा वास यायचा, शेजारी बसणारी मैत्रीण नाकाला रुमाल लावायची, ती वाईट नव्हती, तिला खरंच मळमळायचं.

२००६ च्या दिवाळीच्या आधी अण्णांना पॅरालिसिसचा झटका आला. मागावर उभे असतानाच. उजवा हात उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. सुरुवातीला दवाखाना, मग पैसे संपल्यावर घर, मग ज्याने जे सांगितलं ते, कुणी मालिश करणारा आणला, कुणी कबुतराचं रक्त लावा म्हणून सांगितलं तर ते पण लावलं, आता नर्स म्हणून मला त्याची लाज वाटते पण तेव्हा आई काहीही करायला तयार होती. मी नववीत होते, दादा दहावीत. दादाचा बोर्डाचा फॉर्म भरून झालेला होता.

आता इथे एक गोष्ट नीट सांगायची आहे कारण सगळ्यांना वाटतं गरीब पोरं फीमुळे शाळा सोडतात. आमच्याकडे फीचा प्रश्नच नव्हता. मला मुलगी म्हणून फी माफ होती आणि दादाची जी काय किरकोळ होती ती भरून झाली होती. दादाची शाळा गेली ती उचलीमुळे. आत्याच्या लग्नाला अण्णांनी मालकाकडून अकरा हजार उचल घेतली होती. अण्णा पडल्यावर ती उचल कोण फेडणार? मालक काही गुंड नव्हता, तो घरी आला, अण्णांच्या उशाशी बसला, शंभराच्या दोन नोटा ठेवून गेला, आणि जाताना दारात आईला म्हणाला की मोठ्याला पाठवा, शिकून घेईल महिन्याभरात. बस्स. दुसऱ्या सोमवारपासून दादा कांड्या भरायला आणि दोन महिन्यात मागावर. बारा तासांची शिफ्ट, एक आठवडा दिवसपाळी एक आठवडा रातपाळी. वय वर्षं सोळा.

शाळेने त्याला काढला नाही, बाईंनी सांभाळून घेतलं, हॉल तिकीट आलं. मार्च २००७. मराठीचा पेपर दिला, हिंदीचा दिला, इंग्रजीचा दिला. बीजगणिताच्या आदल्या रात्री त्याची रातपाळी होती, बदली मिळाली नाही. सकाळी आठला घरी आला, कानात कापसाचे बोळे तसेच, केसात सगळा सुताचा भुसा, म्हणाला दहा मिनिटं पडतो, साडेनऊला उठव. आईने उठवलं नाही. ती म्हणते मी दोनदा जवळ गेले आणि त्याचं तोंड बघून हात लावायची हिंमत झाली नाही. तो उठला तेव्हा दोन वाजले होते. काही बोलला नाही, जेवला आणि परत कामावर गेला. पुढचे पेपर त्याने दिलेच नाहीत. आईला हे आज पण सहन होत नाही, आता तिची दृष्टी गेलीये जवळजवळ, सूप कधीच सुटलं, पण मार्च आला आणि बोळातून परीक्षेला जाणारी पोरं दिसली, त्यांचे आवाज आले, की म्हणते, मी उठवायला पाहिजे होतं गं.

पुढच्या वर्षी मी दहावीला. आणि त्या घरात मी अभ्यास करू शकले याचं कारण माझी जिद्द नाही साहेब. म्हणजे जिद्द होती, खोटं कशाला बोलू. पण दादाने अण्णांना सकाळी उठवून संडासला नेणं, अंघोळ घालणं हे स्वतःकडे घेतलं होतं, रातपाळी करून आल्यावर पण. आईला सांगून ठेवलं होतं की परीक्षेपर्यंत हिला विड्यांना बसवायचं नाही, तेवढे पैसे मी जादा शिफ्ट करून देतो. आईच्या हजारातल्या तीनशे-साडेतीनशे विड्या माझ्या असायच्या, ते पैसे तो आठवड्याला वेगळे काढून आईच्या हातात ठेवायचा. मला ८४ टक्के पडले. आमच्या शाळेत मुलींत पहिली.

बातमीदार भाऊ चांगले होते, फटफटीवर आले, स्वतःच पेढे घेऊन आले. आईने सूप उचलून आत ठेवलं होतं तर म्हणाले, नाही नाही, ते असू द्या मांडीवर. अण्णांची खाट फोटोत यावी म्हणून मला जरा सरकायला लावलं. दादा कामावर होता. बातमीत त्याच्यावर एक ओळ आली, मोठा भाऊ यंत्रमागावर काम करून घराला हातभार लावतो. हेडिंगमध्ये माझ्या जिद्दीला सलाम होता. ते कात्रण दादाने स्वतः लॅमिनेशन करून आणलं, आज पण त्याच्या घरात टीव्हीच्या वर आहे, त्याच्या पोराला दाखवतो, ही बघ आत्या.

मी पुढे बारावी केली, मग जीएनएम म्हणजे नर्सिंगचा कोर्स केला, आणि आता दहा-अकरा वर्षं नोकरी करते, त्यातली शेवटची सहा डायलिसिस युनिटला. अण्णा २०१६ ला गेले. दादा अजून मागावरच आहे. १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावी द्यायचा, त्याने दोनदा भरला, दोन्ही वेळा परीक्षेला बसला नाही.

हे जुनं पुराण आज कशाला, तर आमच्या युनिटला एक मुलगा येतो. नाव सांगत नाही, मोहोळ तालुक्यातल्या एका गावाचा आहे. वडिलांना डायबेटिस, त्याने किडन्या गेल्या, नजर पण अधू झालीये, आठवड्याला तीन डायलिसिस. डायलिसिस महात्मा फुले योजनेत होतं, त्याचा एक रुपया लागत नाही, याबद्दल मला सरकारला खरंच हात जोडावेसे वाटतात. आमच्या अण्णांच्या वेळी तो जो घरातला गंज (मोठं भांडं) आणि कानातली फुलं विकायचा प्रकार झाला तो आता या पेशंटांच्या नशिबात निदान मशीनसाठी तरी नाही. पण मशीन फुकट झालं म्हणजे घरचा प्रश्न संपला असं नाही. चार तास रक्त मशीनमधून फिरून आलं की पेशंटचा बीपी पडतो, चक्कर येते, कुणाला उलटी होते, हाताच्या फिश्चुलातून, म्हणजे जिथे मशीनच्या सुया टोचतात तिथून, रक्त येऊ शकतं. सोबत माणूस लागतोच. आणि या घरात माणूस कोण? आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, ती गेली नाही तर संध्याकाळी चूल नाही. धाकटी बहीण चौथीत. म्हणजे उरला तो. गेल्या वर्षी नववीत होता.

हिशोब करा ना. शाळा आठवड्यातून सहा दिवस, त्यातले तीन दिवस तो आमच्या कॉरिडॉरमध्ये. पन्नास टक्के हजेरी. बोर्डाला पाहिजे ७५. कुणी दुष्ट नाही इथं, डायलिसिसचे वार कुणी शाळा बघून देत नाही आणि शाळेचं वेळापत्रक कुणी डायलिसिस बघून करत नाही, दोघांच्या मध्ये ते पोरगं.

आमच्याकडे तीन शिफ्टमध्ये मशीन चालतं. त्याच्या वडिलांचा नंबर दुसऱ्या शिफ्टला होता, साडेअकरा ते साडेतीन, म्हणजे अख्खा दिवस गेला. बरेच महिने मला हे लक्षातच आलं नाही, माझ्या डोळ्यासमोर रोज दप्तर घेऊन बसलेला असायचा तरी. आम्ही वजन बघतो, बीपी बघतो, पाणी किती प्यायलात म्हणून ओरडतो, सोबत कोण आहे तर त्याची सही घेतो. सोबतच्याचं वय काय आणि तो आज कुठे असायला पाहिजे होता हे कुठल्याच फॉर्ममध्ये नाही. एकदा त्याने मला विचारलं, सिस्टर तुमच्याकडे पाठकोरे कागद असतात का. जुने बीपी चार्ट रद्दीत जायचे ते त्याला दिले, पेशंटची नावं फाडून. त्यावर तो गणितं सोडवत होता. तेव्हा मी विचारलं कितवीला आहेस, आज शाळा नाही का. एवढाच प्रश्न होता. मला तो विचारायला सात महिने लागले, आणि मी दादाची बहीण.

मग मी पहिल्या शिफ्टच्या एका आजोबांना विचारलं. रिटायर माणूस, सोलापुरातच घर, सून आणून सोडते. म्हटलं तुमची वेळ बदलून द्याल का, त्या पोराची शाळा बुडतीये. ते म्हणाले अगं मला काय, सकाळची झोप तरी होईल. झालं. आता बापलेक पहाटे पाचच्या एसटीने निघतात, सातला मशीनवर, अकराला मोकळे. गावात पोचेपर्यंत एक वाजतो, सकाळचे तास बुडतात पण मधल्या सुट्टीनंतरचे मिळतात. वर्गशिक्षकांना मी फोन केला, त्यांना हे माहीतच नव्हतं, त्यांना वाटायचं पोरगं शेतावर जातं. वडील आजारी आहेत एवढं माहीत होतं, पण आठवड्याला तीन दिवस तोच घेऊन जातो हे त्याने सांगितलंच नव्हतं. का सांगितलं नाही विचारलं तर म्हणाला, सगळे कीव करतात. एका पैशाचा खर्च नाही साहेब यात. दोन फोन आणि एक आजोबा.

पण अर्धाच दिवस मिळाला. येत्या जूनपासून तो दहावीला. सरांनी प्रेमानेच सांगितलंय की दहावीला असं अर्धं अर्धं चालणार नाही. आणि गेल्या आठवड्यात हे झालं ज्याच्यामुळे मी पत्र लिहितीये. मशीनवरचे एक पेशंट पेपर मोठ्याने वाचत होते, त्यांना सवय आहे, सगळ्यांचा वेळ जातो. जिद्दीची बातमी आली, वडिलांना कॅन्सर, मुलीला ९४ टक्के. वाचून झाल्यावर या मुलाचे वडील मशीनवरून म्हणाले, बघ की रे, ही पण बाप आजारी असताना शिकलीच की, हिच्याकडून शिक जरा. बापाने काही वाईट हेतूने म्हटलं नाही. त्याला स्वतःच्या आजाराचं ओझं झालंय, पोरगं शिकावं हीच तळमळ. पोरगं दारात उभं होतं. त्याच्या हातात कुणाचं तरी जुनं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक होतं, पहिला धडा गुरुत्वाकर्षण, बोट घालून ठेवलेलं. ते बोट त्याने काढून घेतलं आणि पुस्तक पिशवीत टाकलं. शिफ्ट संपल्यावर मला बाजूला येऊन विचारतो, सिस्टर, शाळा सोडून १७ नंबरने दहावी दिली तर चालते का?

१७ नंबर. माझ्या पोटात गोळा आला. त्या फॉर्मला मी नावं ठेवत नाही, ज्यांची शाळा कधीच सुटली, लग्न झालेल्या बायका, कामावरची माणसं, त्यांना तो दरवाजा आहे आणि चांगला आहे. पण ज्याचं नाव आज पटावर आहे त्याने स्वतः होऊन त्या दरवाजाने जायचं म्हणजे घरी बसून, एकट्याने, बापाला घेऊन ये-जा करत, कुणी विचारणारं नाही, आणि मग एखाद्या दिवशी पेपरच्या वेळी दहा मिनिटं पडतो म्हणणार. मी त्याला नाही म्हणून सांगितलं. सांगताना जरा जोरातच बोलले, नंतर वाईट वाटलं.

तेव्हा आता मुद्द्यावर येते.

आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे. पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, महिला व बालविकास विभागाची. लोकांना वाटतं ही फक्त अनाथांसाठी. तसं नाही. एक पालक असलेली मुलं, आईवडिलांना कॅन्सर, एचआयव्हीसारखा दुर्धर आजार असलेली मुलं, ज्या घरात मुलाला सांभाळायची ताकद राहिलेली नाही अशी मुलं, सगळी त्यात बसतात. अठरा वर्षांपर्यंत महिन्याला २,२५० रुपये. आधी ११०० होते, ते वाढवले. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसला, जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो तिथे. ते घरी येऊन बघून जातात, मग बालकल्याण समिती आदेश काढते. कागद लागतात ते मी त्या मुलाच्या आईबरोबर गोळा केले म्हणून सांगते, मुलाचं आणि पालकांचं आधार, रेशन कार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, वडिलांच्या आजाराचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट, बँकेचं पासबुक, फोटो. यातला सगळ्यात अवघड वाटणारा कागद म्हणजे आजाराचं सर्टिफिकेट आणि तो तर आमच्याच टेबलावर मिळतो! ज्या दवाखान्यात माणूस आठवड्याला तीनदा येतो तिथेच. आणि जिथे काहीच कळत नाही तिथे निदान १०९८ वर फोन करावा, मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, फुकट लागते.

२,२५० ने काय होतं असं कुणी म्हणेल. मी सांगते काय होतं. महिन्यात डायलिसिसच्या बारा-तेरा फेऱ्या. त्याच्या आईची खुरपणीची हजेरी अडीचशे-तीनशे. म्हणजे ते पैसे आले तर महिन्यातले आठ दिवस आई रान सोडून नवऱ्याबरोबर येऊ शकते आणि चूल पेटते. आठ दिवस पोरगं शाळेच्या पहिल्या तासाला वर्गात. एवढंच होतं, आणि एवढंच पाहिजे होतं. आमच्या दादाला अकरा हजारांच्या उचलीपायी मागावर उभं केलं, त्या हिशोबाने बघा मग रक्कम किती मोठी आहे ते.

अजून एक, ते पण माहितीसाठी. आठवीत एनएमएमएस नावाची परीक्षा असते, घरचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत असलं आणि पोरगं सरकारी, झेडपीच्या किंवा अनुदानित शाळेत असलं की बसता येतं, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. हा मुलगा हुशार आहे, सरांनी फॉर्म भरला होता. परीक्षेच्या दिवशी वडील आयसीयूत होते. ती संधी एकदाच असते, आठवीत. गेली ती गेली.

शाळेत असताना मी वक्तृत्व स्पर्धेत कर्मवीर भाऊराव पाटलांवर भाषण केलं होतं, पाठ करून. १९१९ साली रयत शिक्षण संस्था, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग, कमवा आणि शिका, आणि बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई वहिनींनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्र पण विकलं. त्या वाक्याला टाळ्या पडायच्या म्हणून मी तिथे आवाज चढवायची. तेव्हा अर्थ कळला नाही, आता कळतो. कर्मवीरांनी गरीब पोराला नुसती जिद्द ठेव म्हणून सांगितलं नाही. आधी त्याच्या झोपायची, खायची सोय केली, काम पण तिथेच दिलं, मग शिक म्हणाले. पोटाचा भार पोरावर ठेवला नाही, संस्थेने घेतला, आणि पैसे कमी पडले तेव्हा घरच्या बाईने गळ्यातलं काढून दिलं. आपण आता ते सगळं राहू दिलंय आणि फक्त जिद्द तेवढी धरून बसलोय. जिद्द तर साहेब दादाकडे माझ्यापेक्षा जास्त होती.

माझी मागणी तुमच्याकडे एवढीच आहे. पुढच्या निकालाला, किंवा आत्ताच जून लागायच्या आत, अशी एखादी बातमी छापाल त्याच्या खाली एक चौकट छापा. चार ओळींची. घरात आईवडील मोठ्या आजारात असतील तर बालसंगोपन योजना आहे, महिन्याला इतके मिळतात, अमुक ऑफिसला जा, हे कागद न्या. तुमच्या जिल्ह्याच्या पानावर त्या त्या जिल्ह्याचा पत्ता टाका. आमच्या युनिटमध्ये पेपर मोठ्याने वाचला जातो, ती चौकट पण वाचली जाईल. आणि तुमचे बातमीदार अशा घरी जातील तेव्हा त्यांना एक प्रश्न जास्तीचा विचारायला सांगा, या घरात अजून कोण शाळेत होतं, आणि ते आता काय करतं.

दुसरी मागणी दवाखान्यांकडे, म्हणजे आम्हीच आलो त्यात. महात्मा फुले योजनेचा फॉर्म भरताना आरोग्यमित्र रेशन कार्ड बघतातच, त्या कार्डावर पोरांची नावं वयासकट असतात. तिथल्या तिथे विचारायचं, सोबत कोण येणार, शाळेतलं पोर येणार का, येणार असेल तर त्याला शाळेला सोयीची शिफ्ट, आणि बालसंगोपनचं सर्टिफिकेट त्याच दिवशी हातात. आमच्या युनिटमध्ये मी हे आता तोंडी विचारायला सुरू केलंय. दोन महिन्यात तीन घरं निघाली. एका घरातली मुलगी आधीच सातवीतून बसलीये, तिच्या शाळेत जाऊन आले, जूनमध्ये परत बसवतो म्हणालेत, बघू. शिक्षक मंडळींना पण हात जोडून सांगणं आहे की सारखं गैरहजर राहणारं पोरगं शांत असेल तर एकदा घरी जाऊन बघा, ते स्वतः होऊन सांगत नाही.

मोहोळच्या मुलाचा अर्ज गेलाय, घरी येऊन बघून पण गेले, समितीचा आदेश अजून यायचाय. सरांनी सांगितलंय की सकाळच्या बुडालेल्या तासांचं ते संध्याकाळी घेतील. १७ नंबरचा विषय त्याने परत काढला नाही. पुस्तक मात्र परत बाहेर आलंय, काल दुसऱ्या धड्यावर होता.

माझं नाव छापू नका ही विनंती, घरच्यांची नावं त्यातून कळतात. हे सगळं लिहून झाल्यावर दादाला वाचून दाखवलं, त्याच्याबद्दल एवढं लिहिलंय तर विचारायला पाहिजे म्हणून. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला छापायला दे, फक्त एक चुकलंय तेवढं दुरुस्त कर. बीजगणिताला मी झोपलो होतो ते खरं, पण पुढचे पेपर दिलेच नाहीत असं नाही. भूमितीचा दिला होता. रातपाळी सुटल्यावर घरी न येता कारखान्यातनंच सरळ सेंटरवर गेलो होतो, भुश्याच्या कपड्यात. तुम्हाला सांगितलं नाही कारण नापास होणार हे माहीतच होतं. पण भूमिती मला येत होती.

एक वाचक,
सोलापूर